दिसण्याची हौस आणि रुग्णालयाचे कर्तव्य

(वार्षिक सर्वसाधारण सभा व देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचा गोषवारा मी मघाशी वाचून दाखविला. प्रशासकाचे काम तेथेच संपावयास हवे. परंतु गेल्या सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. तातडीच्या औषधांच्या यादीतील एका ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले होते, "ओठ जाड करून घेणाऱ्या मुलींच्या हौसेपायी बिघडलेले निस्तरायला आमच्या देणगीचा पैसा का लागावा?" प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. आजचे माझे बोलणे हे त्याचेच उत्तर आहे. उत्तर देताना मला माझी एक चूकही आपल्यासमोर मांडावी लागेल.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. वैद्यकातील जे काही सांगेन, ते आमच्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्याकडून तपासून घेतलेले आहे. चूक मात्र पूर्णतः माझी आहे आणि ती हिशेबाची आहे.

झाले असे. दोन वर्षांपूर्वी अंदाजपत्रक तयार करताना प्रसूती विभागाची तूट मला सतावत होती. त्याच सुमारास सौंदर्योपचार पुरविणाऱ्या एका संस्थेचे प्रतिनिधी भेटावयास आले. आठवड्यातून दोन दिवस आपण एक खोली द्यावी, त्यांचे डॉक्टर येतील, ओठ भरणे, सुरकुत्या घालविणे, लेझर इत्यादी उपचार करतील आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा ट्रस्टला मिळेल, असा तो प्रस्ताव होता. चांगल्या कंपनीच्या फिलरची एकच सिरिंज पंधरा-वीस हजारांच्या पुढे जाते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठवड्याला इतके ओठ, महिन्याला इतके ओठ, वर्षाला इतकी रक्कम. तूट भरून काढून वर शिल्लक राहात होती. मी उत्साहाने टिपण तयार करून विश्वस्त मंडळाच्या विषयपत्रिकेवर ठेवले. हा प्रस्ताव मंडळाने आणला नव्हता, मी आणला होता, हे आज मुद्दाम सांगतो.

त्यानंतरच्या लग्नसराईत घडलेली ही हकिकत. संबंधित मुलीच्या व तिच्या आईच्या अनुमतीने, नाव-गाव वगळून सांगत आहे.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. शिरोळ तालुक्यातील एका खेड्यातून एक माउली आपल्या तेवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीने ओढणीने अर्धा चेहरा झाकून घेतला होता. लग्न नऊ दिवसांवर आले होते. आई म्हणाली, "सायेब, गांधीलमाशी चावल्यागत तोंड सुजलंय पोरीचं, आणि काय झालंय ते सांगंना झालीया." आई जरा बाजूला गेल्यावर मुलीने परिचारिकेला खरे सांगितले. दुपारी चार वाजता शहरातील एका पार्लरमध्ये तिने दोन्ही ओठांत फिलरचे इंजेक्शन घेतले होते. लग्नाच्या सवलतीच्या योजनेत तो उपचार स्वस्तात मिळाला होता. टोचणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. संध्याकाळपासून वरच्या ओठाची उजवी बाजू दुखू लागली. तिने पार्लरला दूरध्वनी केला, तेव्हा "बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल" असे उत्तर मिळाले. घरी सांगितले तर बोलणी बसतील, म्हणून ती सहा तास गप्प राहिली.

आमच्या पाळीवरील डॉक्टरांनी ओढणी बाजूला करविली. सूज दोन्ही ओठांना होती. परंतु उजवीकडचा वरचा ओठ पांढुरका पडला होता आणि त्याच्यावरून नाकपुडीच्या दिशेने जाळीसारखे जांभळट डाग उमटले होते. डॉक्टरांनी बोटाने ओठ दाबून सोडला. निरोगी ओठात रक्त क्षणात परत येते, येथे ते येईना. त्यांनी मिरजेतील एका प्लास्टिक सर्जनना दूरध्वनी लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "काय टोचलं आहे?" दुसरा प्रश्न आला, "तुमच्याकडे हायलुरोनिडेज आहे का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. पावती नव्हती, खोके नव्हते, औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठीही नव्हती. अखेर त्या मुलीच्याच मोबाईलमध्ये ते सापडले. सुई टोचण्यापूर्वी तिने स्वतःचा फोटो काढला होता आणि मागच्या टेबलावरील खोके त्यात आले होते. फोटो मोठा करून डॉक्टरांनी लेबल वाचले. पदार्थ हायलुरोनिक ॲसिडचा होता. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण तो विरघळविता येतो.

दुसऱ्या प्रश्नावर आमच्या औषधपेढीतून "नाही" असे उत्तर आले. येथे मात्र माझी वाणिज्य शाखा उपयोगी पडली. साठा नोंदवहीची तपासणी मीच करतो, आणि हे लांबलचक नाव मी नेत्र विभागाच्या पानावर दर तिमाहीस वाचत आलो होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याभोवती भूल देतात, तेव्हा ती लवकर व सर्वत्र पसरावी म्हणून तिच्यात हे औषध मिसळतात. गुटख्यामुळे तोंड उघडेनासे झालेल्या रुग्णांच्या गालातही दंतवैद्य ते टोचतात. मी नेत्र विभागाची किल्ली मागविली. कपाटात कुप्या होत्या.

औषध देण्यापूर्वी डॉक्टरांनी आईला विचारले, "हिला कधी मधमाशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का? दम लागला होता का?" माउलीला वाटले, डॉक्टरांनी गांधीलमाशीचे बोलणे खरेच धरले. नंतर मला कळले की मधमाशीच्या विषात याच जातीचे द्रव्य असते, आणि त्या विषाची ॲलर्जी असणाऱ्यास या औषधाचीही बाधा होण्याचा धोका असतो. तसे काही नव्हते. ओठ कोमट पट्टीने शेकला, हलक्या हाताने चोळला, औषध टोचले, तासाभराने पुन्हा टोचले, त्यानंतर आणखी एकदा. रात्री दोनच्या सुमारास दाबलेल्या ओठात रंग परत आला. सकाळी तिला मिरजेस तपासणीसाठी पाठविले.

फिलर म्हणजे काय, आणि त्या रात्री नेमके काय घडले होते, हे आता थोडक्यात सांगतो. हायलुरोनिक ॲसिड हा आपल्या त्वचेत, सांध्यांत व डोळ्यांत मुळातच असणारा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत कार्ल मायर व जॉन पामर यांनी तो प्रथम गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. त्याचे घट्ट जेल करून ओठात भरले की ओठ फुगीर दिसतो. ओठांसाठी असे फिलर वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मान्यता दिली आणि तीही एकवीस वर्षांवरील व्यक्तींसाठी. ओठाच्या कडेने एक नागमोडी रोहिणी जाते. जेल चुकून तिच्यात शिरले, किंवा तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचे रक्त तुटते. वेळेत उपाय झाला नाही तर तेवढी कातडी मरते व व्रण राहतो. कपाळ वा नाकाजवळच्या इंजेक्शनात हेच घडले, तर क्वचित प्रसंगी दृष्टीही जाऊ शकते. असे वारंवार होत नाही. परंतु होते तेव्हा तासांचा हिशेब असतो.

चेहरा टोचून भरण्याची हौस आजची नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात पॅराफिनचे मेण टोचत असत. ग्लॅडिस डीकन या नामांकित सुंदरीने नाकात मेण भरून घेतले, ते हनुवटीकडे घसरले, आणि पुढे इंग्लंडातील एका ड्यूकची पत्नी झालेल्या त्या स्त्रीचा चेहरा जन्मभरासाठी बिघडला. नंतर द्रवरूप सिलिकोन आले, त्याच्याही गाठी झाल्या. मेण आणि सिलिकोन विरघळत नाहीत. आज पार्लरमध्ये स्वस्तात जे मिळते ते नेमके काय आहे, हे लेबल पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि सर्वांत मोठी चिंता तीच आहे. सुईशिवाय दाबाने जेल आत घालणारे पेन बाजारात आले, तेव्हा अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता.

त्या रात्रीनंतर अशा प्रकारची विचारणा आमच्याकडे वाढली. लोकांना कळले की येथे रागावत नाहीत. येणाऱ्या बहुतेकींना धोका नसतो, असते ती धास्ती. ओठ बदकासारखे दिसतात, एक बाजू मोठी वाटते, आत गोळा लागतो, आरशात पाहवत नाही. या मुलींना काय सांगावे, हे आमच्या डॉक्टरांनी मला ज्या रीतीने समजाविले, ते आपल्या घरांतही उपयोगी पडेल.

नृसिंहवाडीच्या माणसाला पाण्याची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून मंदिरात येते, तेव्हा आपण दक्षिणद्वाराच्या स्नानाला जातो. २००५ किंवा २०१९ सालासारखे पाणी आले, तर गुरे सोडतो, घर सोडतो. दोन्ही वेळा पाणी चढतेच, पण कोणते पाणी कोणते, हे आपल्याला ओळखता येते. ओठांच्या सुजेचेही असेच आहे.

नेहमीची सूज दोन्ही बाजूंना असते, पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त दिसते आणि साधारण आठवड्यात उतरते. काळे-निळे डाग आठ-दहा दिवसांत जातात. दोन्ही बाजू सारख्या सुजत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसांत ओठ वाकडे वाटतात. बोटाला बारीक गाठी लागतात, त्या बहुधा मऊ होतात. म्हणून दोन आठवडे पुरे होईपर्यंत ओठ कसे दिसतात याचा निकाल करू नये, स्वतःच्या हाताने दाबू नये, आणि घाईने आणखी एक इंजेक्शन घेऊन बाजू सारखी करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. मोबाईल वीतभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक-ओठ मुळातच मोठे दिसतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता घर सोडावयाचे पाणी. वेदना वाढत जाणे, ओठ वा त्याच्या वरचा भाग पांढरा पडणे, जाळीसारखे जांभळे डाग, दाबल्यावर रंग परत न येणे, ओठ थंड लागणे, दिसण्यात अंधुकपणा, श्वासास त्रास, घशात सूज, यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पडलेल्या ओठावर बर्फ लावू नये, कारण आधीच आटलेले रक्त त्याने आणखी आटते. काही दिवसांनी ताप, लाली, पू, किंवा काही महिन्यांनी उठलेली दुखरी गाठ, यासाठीही डॉक्टरांकडेच जावे. तापानंतर ओठांवर बारीक फोड उठण्याची ज्यांना खोड आहे, त्यांना सुईनंतरही ते उठू शकतात. हे आधी सांगितल्यास त्यावर गोळ्या देता येतात.

तिसरा प्रकार असा की धोका नाही, सूजही उतरली, तरी दिसणे मनासारखे नाही. जेल ओठाच्या कडेबाहेर सरकून मिशीच्या जागी उंचवटा येतो, किंवा वर्षानुवर्षे भरत राहिल्याने ओठांचा मूळ आकारच हरवतो. येथे उपाय असतो, पण तो सोपा नसतो. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील उर्फी जावेद या प्रसिद्ध तरुणीने आपले अनेक वर्षांचे फिलर विरघळवून घेतले आणि त्या वेळच्या सुजलेल्या चेहऱ्याची चित्रफीत स्वतःच लोकांसमोर ठेवली. पुष्कळांनी तिची थट्टा केली. मला मात्र त्यात एक उपयुक्त गोष्ट दिसली. भरणे जितके गुपचूप होते, तितके काढणे गुपचूप होत नाही, आणि जिच्याजवळ पैसा व उत्तम डॉक्टर आहेत तिलाही त्यासाठी सुजावे लागते, हे हजारो मुलींनी डोळ्यांनी पाहिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हौसेचे बिघडलेले धर्मादाय पैशाने का निस्तरावे?

याला एक सोपे उत्तर आहे. दारू पिऊन दुचाकीवरून पडलेल्या माणसाचे हाड आपण जोडतो, गुटखा खाऊन तोंड मिटलेल्याच्या गालात हेच औषध टोचतो. दारात आलेल्या रुग्णाला दोष कोणाचा हे विचारून आपण केसपेपर काढत नाही. परंतु एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की दिसणे ही क्षुल्लक बाब आहे आणि तिच्यावर खर्च करणे ही चैन आहे.

आपल्याच मातीने ही समजूत कधी मान्य केलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान व नाक यांच्याबरोबर ओष्ठसंधानही आले आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने बैल हाकणारा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक व एक हात कापला. पुढे पुणे भागातील एका देशी कारागीर-वैद्याने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. दोघा इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया पाहिली, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन छापून आले, आणि ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये इंग्लंडात तशी शस्त्रक्रिया केली. नाकावाचून कावसजी जिवंत होताच की! जगण्यासाठी त्याला नव्या नाकाची गरज नव्हती. गरज होती ती चारचौघांत तोंड वर करून चालण्यासाठी.

स्वातंत्र्यानंतर डॉ. नोशिर अंटिया यांनी पुण्यात व मुंबईत कुष्ठरुग्णांची बसलेली नाके आणि विद्रूप झालेले चेहरे पुन्हा घडविले. रोग औषधाने बरा झाला तरी चेहऱ्यावरची खूण राहिली, तर गाव माणसाला परत घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पंढरपुरात १९३० मध्ये जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, परंतु १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरील व्रण यांच्या मोफत शस्त्रक्रिया करीत राहिले. १९७८ मधील मोटार अपघाताने त्यांचे अर्धे अंग लुळे झाले, पुढे कर्करोगाने स्वरयंत्र गेले, तरी हातातील काम सुटले नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या शिबिरांचा खर्च आपल्यासारख्याच देणगीदारांनी उचलला. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाला दूध ओढता येत नाही, हे खरे. पण त्या शिबिरांच्या रांगांत वयात आलेल्या मुलीही उभ्या असत. त्यांना दूध ओढावयाचे नव्हते, लोकांनी वळून पाहू नये एवढीच त्यांची मागणी होती.

आपण म्हणाल, जन्मजात दुभंगलेला ओठ वेगळा आणि चांगला ओठ जाड करणे वेगळे. अगदी बरोबर. मीही तेच म्हणतो. आणि नेमक्या याच फरकामुळे मला माझे टिपण मागे घ्यावे लागले.

त्या रात्री त्या मुलीला मी विचारले होते, "बाळ, हे करावंसं का वाटलं?" ती म्हणाली, "पार्लरमधल्या ताई म्हणाल्या, फोटोत तुझे ओठ दिसतच नाहीत." त्याआधी तिला आपल्या ओठांची कधी आठवणही आली नव्हती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून मी माझे टिपण पुन्हा वाचले. आठवड्याला इतके ओठ. हा आकडा कोठून येणार होता? ज्यांना गरज आहे अशांपासून तो भरत नाही. तो भरावयाचा तर कोणीतरी मुलींना सांगावयास हवे की फोटोत तुझे ओठ दिसत नाहीत. पार्लरमधील ताईंचे ते वाक्य माझ्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला लिहिलेले होते. मला ते तेव्हा वाचता आले नव्हते.

मी असे म्हणत नाही की फिलर देणारे सर्व डॉक्टर लबाड आहेत. प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन हे काम सचोटीने करतात, आणि प्रौढ, समजूतदार व्यक्तीने स्वतःच्या पैशाने ते करून घेतल्यास तो तिचा अधिकार आहे. अपघाताने वा शस्त्रक्रियेने बिघडलेल्या ओठासाठी ते उपयोगीही पडते. माझा मुद्दा आपल्या संस्थेपुरता आहे. समोर बसलेल्या मुलीला "तुला याची गरज नाही" असे सांगण्यास धर्मादाय रुग्णालयाला काहीही खर्च येत नाही. खोलीच्या भाड्यावर तूट भरणाऱ्या रुग्णालयाला मात्र हे वाक्य दर वेळी वीस हजारांना पडते. ज्या दिवशी ते वाक्य महाग होईल, त्या दिवसापासून ते कमी वेळा बोलले जाईल. मंडळाने प्रस्ताव नामंजूर करण्यापूर्वीच मी तो मागे घेतला आणि प्रसूती विभागाची तूट आपल्यासमोर तुटीच्याच रूपात मांडली. मघाच्या गोषवाऱ्यात ती आपण पाहिली आहे.

त्याऐवजी आपण केले ते लहान आहे. हायलुरोनिडेजचा स्वतंत्र साठा तातडीच्या कपाटात ठेवला, जेणेकरून नेत्र विभागाच्या रुग्णांचे औषध तोडावे लागू नये. ज्या ओळीवर गेल्या वर्षी बोट ठेवले गेले ती हीच ओळ. एका कुपीची किंमत काही शे रुपये आहे. पाळीवरील प्रत्येक डॉक्टर व परिचारिकेस धोक्याच्या खुणा शिकविल्या. मिरजेतील तज्ज्ञांचा दूरध्वनी भिंतीवर लावला. आणि एक नियम केला की अशा रुग्णास कोणीही, अगदी शिपायानेही, टोमणा मारावयाचा नाही. तो नियम शिष्टाचारासाठी नाही. ती मुलगी सहा तास गप्प राहिली ती वेदना कमी होती म्हणून नव्हे, तर बोलण्यांच्या भीतीने. टोमण्याची किंमत कातडीत मोजावी लागते.

पालकांना व नातेवाइकांना माझी विनंती आहे. घरातील मुलीने असे काही करावयाचे ठरविलेच, तर भांडण्याऐवजी तिच्याबरोबर जा आणि हिशेबनिसाचे प्रश्न विचारा. टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का? खोके आपल्यासमोर उघडले का? नाव, बॅच क्रमांक, मुदत यांचे लेबल आपल्या कागदावर चिकटवून मिळेल का? बिघडल्यास विरघळविण्याचे औषध तेथे त्याच खोलीत आहे का? रात्री कोणाला दूरध्वनी करावयाचा? पावती मिळेल का? यांपैकी एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर उठून घरी यावे. लग्नाच्या तोंडावर तर हे करूच नये. सूज उतरण्यासच दोन आठवडे लागतात, आणि काही बिघडले तर अक्षता त्याची वाट पाहात नाहीत.

त्या मुलीचे लग्न ठरल्या तिथीस झाले. जेल विरघळल्यामुळे ओठ पूर्ववत झाले होते. वरच्या ओठाच्या उजव्या कडेला एक बारीक खपली धरली होती, ती गेली, पण तांदळाच्या कण्याएवढी फिकट खूण अजून आहे. डॉक्टर म्हणतात, काळाने पुसट होईल. मागील महिन्यात ती नवऱ्यासह वाडीला आली होती, तेव्हा रुग्णालयात डोकावून गेली. मी विचारले, "खूण बोचते का?" ती म्हणाली, "रोज बोचते, काका. पण आता कुणी काय म्हटलं तर लगेच खरं वाटत नाही." तिच्या पर्समध्ये आमच्या केसपेपरची घडी होती. कोणते औषध, किती, किती वाजता, हे सारे त्यावर लिहिलेले होते. पुढे कधी दात काढावा लागला किंवा ओठावर काही उपचार झाले तर दाखवायला बरे, म्हणून तिने तो जपून ठेवला आहे.

ज्येष्ठ देणगीदारांना माझे उत्तर एवढेच. आपली देणगी मुलींचे ओठ जाड करण्यासाठी खर्च होत नाही. दोन वाक्ये निर्भयपणे बोलता यावीत, यासाठी ती खर्च होते. इंजेक्शनाआधी "तुला गरज नाही" आणि इंजेक्शनानंतर "आहेस तशी लगेच ये." ही दोन्ही वाक्ये बाजारात विकत मिळत नाहीत. ती बोलू शकणारे एक ठिकाण या दोन नद्यांच्या काठी उभे राहावे, म्हणून आपण सर्वांनी आजवर हात दिला आहे. प्रसूती विभागाची तूट भरून काढण्यासाठीही आपण असाच हात द्याल, या विश्वासाने मी आपली रजा घेतो.